अंगठा

साकीनाक्याच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पूर्वी चेन बनायच्या, पँटींच्या, दप्तरांच्या,
तिथे आता प्रवेश परीक्षा होते.
मालाच्या लिफ्टमधून मुलं वर येतात,
बारा-बाराच्या खेपेने.
लिफ्टला अजून ग्रीसचा वास आहे.

मी तेवीस वर्षं कागदावर पहारा दिला.
घाटकोपरच्या शाळेत, बाकांमधून, चप्पल न वाजवता.
पाकीट फोडताना दोन मुलांच्या सह्या,
सुतळी, लाख, वर्गात घंटेची वाट बघणारे तळवे,
आणि टोला पडला की तीनशे पानं एकदम उलटायची,
कुणी ओली गोधडी झटकावी तशी.

लाख वाफेवर धरली की अलगद सुटते,
हेही ठाऊक होतं आम्हाला.
एका वर्षी सुटलीच.
तेव्हा कागदाचं गुणगान माझ्याकडून नको.

आता प्रत्येकाचा पहिला प्रश्न वेगळा.
शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावून उपयोग नाही,
म्हणून कुणी डोकावत नाही,
आपल्याला शेजारी आहे हेही विसरून जातात.
घंटा नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी चालते, ज्याची त्याची.
माउसचा आवाज तेवढा,
तांदळातले खडे थाळीत पडावेत तसा.
सकाळच्या पाळीचा पेपर सोपा होता म्हणे.
मग दुपारच्यांचे गुण त्याला जुळवून घेतील,
कसे, ते मला दोनदा समजावलं गेलं आहे.

आज दुसऱ्या पाळीला
शबिस्ता मुकादम, राहणार मालवणी,
हिचा अंगठा लागेना.
लाल दिवा. पुसून पुन्हा. लाल.
"काय काम करतेस गं?"
"नकली दागिने, सर. घरीच. खडे चिकटवते.
बोटाचा गोंद काढायला थिनर लागतं."
दहावीला ब्याण्णव टक्के.
अंगठ्यावर एक रेघ नाही,
घासलेल्या वाटीसारखा गुळगुळीत.

मला आई आठवली.
चेंबूरच्या रात्रशाळेत सहा महिने गिरवून
तिने पगाराच्या वहीत पहिली सही केली,
शाईचा पॅड कारकुनाकडे परत सरकवला,
आणि घरी येऊन अंगठा साबणाने धुतला.
शाई लागलीच नव्हती त्या दिवशी.
तरी धुतला.

आमच्या घरात शिकणं म्हणजे
अंगठ्यापासून लांब लांब जाणं होतं.
आणि ही पोरगी, जिला कलन येतं,
वक्राचा उतार तोंडी सांगेल अशी,
अंगठ्यासाठी अडली आहे दारात.

यंत्रावरचा मुलगा, हेरंब, वाईट नाही स्वभावाने.
"कपाळावर घास," म्हणाला, "तेल येतं.
केसांवर घास. दुसरं बोट दे. हा हात नको, तो."
तिने दिली एकेक बोटं,
बांगड्यांचं माप द्यावं तशी, मुकाट.
सातव्या खेपेला डाव्या हाताची अनामिका चालली.
हिरवा दिवा.
जिला नाव नाही त्या बोटाने तिचं नाव पटवलं.
घड्याळ तिच्यासाठी थांबलं नव्हतं.
नऊ मिनिटं.

पाळी सुटल्यावर रफ कागद गोळा करायचे असतात.
एवढाच कागद उरला आहे आता माझ्या वाट्याला.
तो कुणी तपासत नाही,
मोजायचा आणि पेटीत टाकायचा.
डोक्यावर कुणी श्री लिहितं, कुणी ७८६,
कुणी जय भीम, एकाने बारीकसा क्रूस.
पडद्यावर त्याला जागा नसते.

शबिस्ताच्या कागदावर वर काहीच नव्हतं.
पहिलं गणित होतं ते पेपरातलं नव्हतं:
१८० − ९ = १७१
१७१ ÷ १५० = १.१४
खाली दोन रेघा.
मग पुढे सगळं, घाईचं, तिरकं, पान भरून.

ताळा करून पाहिला. बरोबर आहे.
मग कागद पेटीत टाकला.
शहाण्णव मुलं, शहाण्णव कागद.
हेरंबने खाली सही मागितली, मी केली.